पिंपात सरळ, धरणात वाकडी

लूरचं नाक माझ्याकडे हवं होतं. मी ते पाण्याकडे केलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं. पक्कड बरोबर, कडी बरोबर, किती वाकवायचं तो अंदाजही बरोबर.

मे महिना होता. भाटघरचं पाणी इतकं उतरलेलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडलं होतं. वर्षातले बहुतेक महिने हे देऊळ वेळवंडीच्या पाण्याखाली असतं. मेमध्ये वर आलं की लोक गाळाच्या भेगा तुडवत दर्शनाला येतात. मी देवळाच्या बराच पलीकडे, पाण्याच्या कडेला एका खडकावर बसलो होतो. मांडीवर सात इंचांची लाकडी लूर होती, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, माझ्या हातचा. फेकली की चार-पाच हात नीट यायची आणि मग डावीकडे पळायची. प्रत्येक वेळी डावीकडेच.

ह्याचा नियम भाच्यानं फोनवर दहा वेळा सांगितला होता: "मामा, ज्या बाजूला पळतेय त्याच्या उलट बाजूला पुढची कडी वाकवा. केसभरच." लूर डावीकडे पळते, म्हणजे कडी उजवीकडे. मी शेपटाकडून लूर मुठीत धरली, नाक समोर पाण्याकडे, आणि पकडीनं कडी उजवीकडे दाबली. फेकली. आधीपेक्षा जास्त डावीकडे. मला वाटलं, वाकवलं ते कमी पडलं. आणखी दाबली. आता ती तिरकी होऊन आडवीच यायला लागली, नांगराला पहिल्यांदा जुंपलेल्या खोंडासारखी. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा 'कट्' असा बारीक आवाज झाला. कडीचा स्क्रू लाकडात सैल झाला आणि नाकापासून डोळ्यापर्यंत रेषेसारखी चीर गेली.

पाण्यातून येताना लूरचं तोंड माझ्याकडे असतं. माझं डावं ते तिचं उजवं. तिला हातात पाठमोरी धरली की बाजू फिरते. मी दर वेळी आजार वाढवणारंच औषध देत होतो आणि गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवत होतो. एकतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हे कळायला घरी येऊन जेवून झोपायची वेळ व्हावी लागली. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, चककडून बघताय की टेलस्टॉककडून ते आधी ठरवा, मग डावं-उजवं बोला.

ही लूर प्रकरणं माझ्या घरात आली ती भाच्यामुळे. तो मिनेसोटात असतो. तिथल्या तळ्यांमध्ये मस्की नावाचा मासा आहे. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि आत दातांच्या रांगा. शेजारच्या विस्कॉन्सिननं तर त्याला राज्याचा मासा केलंय. तिथले गळवाले त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, कारण एक लागेपर्यंत खांदा निखळतो. त्याच्यासाठी वापरतात ती जर्कबेट. साध्या लूरला पुढे प्लास्टिकची जीभ असते, रील फिरवलं की पाणीच तिला हलवतं. जर्कबेटला बहुधा जीभ नसते. नुसती ओढली तर ती लाकडाचा तुकडा म्हणून येते. काठीनं झटका दिला की बुडी मारते किंवा बाजूला सुळकन सरकते, झटका संपला की थबकते, हळूहळू वर येते. मासा घेतो तो बहुतेकदा ती थबकते तेव्हा.

एका दिवाळीला भाच्यानं तिकडून सुइक नावाची एक पाठवली. नऊ इंचांची, लाकडी, पोटाला तीन-तीन तोंडांचे गळ, आणि शेपटाला पत्र्याची एक पट्टी. ती पट्टी खाली वाकवली की लूर खोल जाते, सरळ केली की उथळ चालते. गंमतच वाटली. इतकं साधं यंत्र मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. बायको म्हणाली, "एवढ्या गळांना लागायला आपल्याकडं मासा आहे का तेवढा?"

होता, असं वडील सांगायचे. नीरेत आणि वेळवंडीत खडस मिळायचे. खडस म्हणजे महसीर. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं १८३९ मध्ये ह्याच पुण्याच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशाचं वर्णन छापलं आणि इथलंच नाव शास्त्रात घातलं, म्हणून जगभर तो आज टॉर खुद्री आहे. साइक्सची एक खोड मला आवडते. आपल्या लोकांकडून ऐकलेली नावं त्यानं तशीच ठेवली. पुढे लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या लोकांनी महसीरची बीजं तयार केली, ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. माझ्या डोक्यात होतं ते एवढंच की भाटघरला जर्कबेटवर एक खडस घ्यायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा आणि फोटो मिनेसोटाला पाठवायचा. कुणाला दाखवायचं होतं, हे आता लिहिताना स्पष्ट दिसतंय.

अमेरिकेची लूर दोन हजारांच्या वरची. ती खडकात अडकली तर? म्हणून ती टीव्हीच्या कपाटात ठेवली आणि तिची नक्कल करायला घेतली. इथून माझ्या चुकांना खरा वेग आला.

पहिली नक्कल मी पांगाऱ्याच्या लाकडाची केली. पांगारा हलका, कापायला लोण्यासारखा. व्हर्नियरनं मूळ लूरची मापं घेतली, कागदावर ड्रॉइंग काढलं आणि मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लाकूड फिरवून अर्ध्या तासात तुकडा उतरवला. असा गुळगुळीत की पॉलिश पेपरची गरज नाही. पण मूळ लूर बाजूंनी चपटी होती, उभी फळी असावी तशी. माझी गोल होती. का गोल? लेथवर गोलच होतं म्हणून. ड्रॉइंगमध्ये मी वरून आणि बाजूनं अशी दोन्ही मापं लिहिली होती, ती वेगवेगळी होती, तरी माझा हात चककडे गेला. पाण्यात टाकल्यावर ती बुचासारखी वर तरंगली आणि झटका दिला की स्वतःभोवती गरागरा फिरली. फिरताना दोऱ्याला पीळ घातला. तो पीळ सोडवण्यात एक सकाळ गेली. चपट्या बाजू असल्या की पाणी त्यांना धरून ठेवतं, लूर घसरते पण लोळत नाही. गोल अंगाला पाण्यात धरायला जागाच नाही.

दुसरी नक्कल मग हातानं, पटाशी आणि रंध्यानं, चपटी केली. तीच ती, खडकावर चीर गेलेली. तिच्या डावीकडे पळण्याचं खरं कारण कडी नव्हतंच, हेही नंतर कळलं. पिशवीत तिच्यावर मी जेवणाचा डबा ठेवला होता, त्यानं शेपटाची पट्टी एका कोपऱ्यात मुरडली होती. बोटानं सरळ केली असती तर काम झालं असतं.

तिसरी शिवणीच्या लाकडाची. शिवण पांगाऱ्याहून जड, पण सागवानाइतकी नाही, आणि ऊन-पावसात फारशी वाकत नाही. ही लूर मी पावसाळाभर पुरवून पुरवून केली. भाच्याचं म्हणणं होतं, पोटात शिसं भरून तिचं तरंगणं इतकं कमी करायचं की थांबवल्यावर ती जागच्या जागी लोंबकळली पाहिजे, अगदी सावकाश वर आली पाहिजे. हे वाक्य ऐकलं आणि माझ्यातला टर्नर जागा झाला. अंदाजाचं काम मापाचं करायचं, ह्यात मला जो आनंद होतो तो बायकोला आजवर समजलेला नाही.

जानेवारीत अंगणातलं दोनशे लिटरचं निळं पिंप काठोकाठ भरलं. पोटाला आठ मिलिमीटरची तीन भोकं पाडली. शिसं वितळवून ओतायचा पहिला प्रयत्न फसला. लाकूड जळालं, धूर झाला, भोक मोठं झालं. मग जाळ्याला लावतात त्या शिशाचे तुकडे कापून भोकात बसवले. किती बसवले ते मोजायला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर शिशाचे बारीक तुकडे ठेवताना गिऱ्हाईक बघत राहिलं. तो म्हणाला, "मेस्त्री, घडणावळ किती लावू?"

चार दिवस सकाळी तेच. शिसं घाल, पिंपात सोड, बघ, काढ. शेपटाकडे जास्त झालं की नाक वर करून उभी राहायची. नाकाकडे जास्त झालं की डोकं खाली घालून डुबायची. शेवटी मधल्या गळाच्या थोडं पुढे वजन आलं तेव्हा ती पिंपात मध्यावर आडवी थांबली. वर नाही, खाली नाही. नाक अर्धा अंश खाली. मी बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "मेली काय?"

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी भाटघरला नेली. पहिल्या फेकीला लूर दगडासारखी तळाला गेली, नाकावर.

घरी आलो तो थेट वही घेऊन बसलो. पिंपातलं पहाटेचं पाणी समजा वीस अंश, धरणाचं वरचं पाणी संध्याकाळी तीस. पाणी तापलं की हलकं होतं, वीस आणि तीस अंशांत एका लिटरमागे साधारण अडीच ग्रॅमचा फरक पडतो. हे खरं आहे, आणि बेतानं तोललेली लूर त्यानं खरोखर बुडायला लागते. थंड देशातले गळवाले ऋतूप्रमाणे वजन बदलतात ते ह्यासाठीच. मी गुणाकार केला. लूर साठ-पासष्ट ग्रॅमची, म्हणजे फरक आला ग्रॅमच्या सहाव्या हिश्शाचा. मला इतका आनंद झाला की मिनेसोटाला रात्रीच फोन लावला, तिकडं सकाळ होती. भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, पिंपात सोडली तेव्हा तार लावली होती का?"

तार म्हणजे दोरा आणि लूर ह्यांच्यामधली पोलादी तार. मस्कीच्या दातांनी दोरा कापू नये म्हणून ती तिकडं लावतात, म्हणून मीही लावली होती. टोकाला फिरकी आणि अडकवायचं कुलूप. धरणावर लावली होती. पिंपात लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी सोनारानं वजन करून दिलं, सहा ग्रॅम. सहा ग्रॅम मी नाकाला बांधून घेऊन गेलो होतो आणि सहाव्या हिश्शाचं गणित मांडत बसलो होतो. शिवाय खडसाच्या ओठाला दात नसतातच, त्याचे दात घशात असतात. तारेची गरजच नव्हती.

इथं शहाणा माणूस तार काढून एकदा लूर टाकून बघेल. मी तार काढली, त्याच रात्री गळ एक नंबर मोठे लावले, आणि शेपटाची पट्टी आणखी खाली वाकवली. तीन बदल, एकदम. पुढच्या खेपेला लूर वेगळीच चालली, आणि कशामुळे वेगळी चालली हे सांगायला जगात कुणी नव्हतं. हाच गुन्हा कुठल्या पोरानं मशीनवर केला असता, एका वेळी स्पीड, फीड आणि टूल बदललं असतं, तर मी त्याला दिवसभर झाडू मारायला लावलं असतं.

ह्याच दिवसांतली एक गोष्ट मी सहा महिने कुणाला सांगितली नाही.

एका पहाटे खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात लूर खाली अडकली. ओढली तर जड जड येत होती, पण येत होती. वाटलं, लागला. काठी वाकली, हात थरथरले. वर आलं ते तंगुसाचं जाळं. तिन्ही गळांनी, म्हणजे नऊ टोकांनी, ते धरलेलं. पाण्याखाली लावलेलं जाळं, कडेला तरंगायला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मला दिसायला हव्या होत्या. दिसल्याही असतील, मी लूरकडे बघत होतो. सोडवायचा प्रयत्न केला, एक टोक सुटलं की दोन नवी अडकायची. उजाडायला लागलं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी ट्यूबवर बसून वल्हवत निघालेलं दिसलं. मी पक्कड काढली आणि लूरभोवतीचं जाळं कापलं. दोनेक हात मोठं भोक पडलं. उरलेलं पाण्यात सोडलं आणि गाडीला किक मारली. चार महिने खपून तोललेली लूर होती, तिच्यातलं शिसं हलायला नको, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. तळ्याचा ठेका ज्या संस्थेकडे असतो तिच्याकडून मी गळ टाकायची परवानगी घेतलेली होती. जाळं कापायची नव्हती.

त्यानंतर दोन महिने मी भाटघरला फिरकलो नाही. कारण सांगायचो, ऊन फार आहे.

म्हणून जूनमध्ये वेल्ह्याकडे गेलो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. माझं आजोळ गुंजवणीच्या खोऱ्यातलं. लहानपणी मिरगाचा पाऊस पडला की आम्ही पोरं चढणीचे मासे धरायला जायचो. पहिल्या पुराला मासे धरणा-नद्यांतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतात, अंडी घालायला. बांध फोडून वाहणाऱ्या पाण्यात टोपली आडवी धरली की भरायची. प्रत्येक मासा अंड्यांनी फुगलेला. तेव्हा त्यात काही चुकतंय असं घरातल्या कुणालाच वाटलं नव्हतं, आणि त्या कालवणाची चव माझ्या जिभेवर अजून आहे, हेही खोटं कशाला बोलू.

खाचरांच्या खाली, पाण्याच्या कडेला, गवतानं भरलेलं एक डबकं होतं. ढग उतरलेले, तोरण्याचा पत्ता नाही. डबक्याच्या एका कोपऱ्यात पाण्यावर बारीक बारीक टिपके उठत होते, पाऊस पडावा तसे. पाऊस तर थांबला होता. मी त्याकडे पाहिलं, त्याचा अर्थ लावायची तसदी घेतली नाही. मला एवढंच दिसलं की तिथं काहीतरी जिवंत आहे. लूर त्या टिपक्यांच्या पलीकडे टाकली, एक झटका, थांबवली. दुसरा झटका. लूर टिपक्यांच्या मध्ये आली आणि पाणी फुटलं. असा दणका मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. मरळ होती, दोन किलोच्या आतबाहेरची.

काठावर तिला धरून मी एकटाच ओरडलो. ट्यूनिंग जमलं! दीड वर्षाचं काम, सोनाराचा काटा, पिंप, सगळं सार्थकी लागलं. पावसातच फोटो काढला. सोडायची गोष्ट मनातही आली नाही, मरळीला बाजारात काय भाव आहे ते सगळ्यांना माहीत आहे. घरी आणली.

बायकोनं साफ करताना विचारलं, "ही उपाशीच होती का? आतडं बघा, रिकामं आहे." मी म्हटलं, असेल. पोट रिकामं असलेला मासा सात इंचांच्या लाकडावर इतक्या रागानं का झेपावला, हा प्रश्न मशीनवर पडला असता तर मी सोडवल्याशिवाय उठलो नसतो. इथं मी भाकरी मोडली.

मरळ पिल्लं राखते. आई-बाप दोघंही. पिल्लं थव्यानं फिरतात, लालसर, बोटाच्या पेराएवढी, आणि हवा घ्यायला सारखी वर येतात, तेच पाण्यावरचे टिपके. खाली आई-बापांपैकी कुणीतरी असतंच. थव्यात काही शिरलं की ते धरत नाहीत, हाकलतात. त्या काळात खाण्याकडे त्यांचं लक्ष नसतं. माझ्या लूरची शिवण, शिसं, अर्धा अंश नाक खाली, ह्यातल्या कशालाच मासा भुलला नव्हता. तिथं मी चप्पल टाकली असती तरी तो दणका बसला असता.

हे मला भाच्यानं सांगितलं. फोटो बघून पहिला मेसेज होता, "वा मामा!" दुसरा थोड्या वेळानं आला, "पिल्लं होती का खाली?" मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा त्या डबक्यावर गेलो. टिपके दिसले, पण थोडे, आणि ते पसरलेले. गवतात दोन वंचक बगळे मान आखडून उभे होते, घाई नसल्यासारखे. दुसरा मासा, आई असेल नाहीतर बाप, होता की नव्हता कळलं नाही. मी तासभर उभा राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं.

हाताबद्दलही लिहायला हवं, नाहीतर सगळा दोष लूरच्या अंगावर जाईल. पावसाळ्यात एकदा भाच्यानं व्हिडिओ कॉलवर मला झटके मारायला लावलं. नदीच्या पुलाजवळ बायको फोन धरून उभी, मी फेकतोय. त्यानं तिसऱ्याच फेकीला थांबवलं. "मामा, तुम्ही ओढताय. झटका देऊन दोरा सैल सोडत नाही तुम्ही. लूरला वळायला जागाच देत नाही." माझा हात ऑटो फीडचा. एकसारखा, न थांबता, मिनिटाला ठरलेला. दीड वर्षं लूरमध्ये जे दुखणं मी शोधत होतो, ती अडखळत नाही, थबकत नाही, घसरत नाही म्हणून, ते सगळं दोरा ताणून मीच तिला करू देत नव्हतो. सैल दोऱ्यावर पहिला झटका मारला तेव्हा तिसरी लूर पाण्यात बाजूला अशी सुळकन गेली की बायकोच्या तोंडून "अगं बाई" निघालं. वजन तेच. गळ तेच. पट्टी मी बोटानं सरळ केलेली, बस.

नवरात्रात भोरच्या बाजारात एक म्हातारे आबा मासे विकायला बसले होते. मी जाळं कापलं त्या खाडीत त्यांचंच जाळं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्या ओळीतून जातच नव्हतो. त्या दिवशी बायकोनं ओढत नेलं. तिला कटला हवा होता.

"मेस्त्री, गळाला लागतं का काय?" त्यांनी तराजू उचलत विचारलं.

मी एका दमात सांगून टाकलं. एप्रिल, पहाट, पक्कड. बायको माझ्याकडे बघतच राहिली, तिलाही माहीत नव्हतं. आबांनी कटला तोलला, खवले काढायला बाजूच्या पोराकडे दिला.

"ते तुम्ही व्हय," ते म्हणाले. "मी ह्या पोराला बोललो. कासव घुसलं म्हणायचा, मला खरं वाटंना. जाळं नीट बघत न्हाईस म्हणून दोन महिनं त्याला एकट्याला पाण्यावर सोडला न्हाई."

पोरगा खवले काढत होता. त्यानं मान वर केली नाही. पैसे मी पुढं केले ते आबांनी घेतले, मोजले, आणि त्यातले निम्मे पोराच्या खिशात कोंबले.

पुढच्या रविवारी मी भाटघरला त्यांच्या खोपटाशी गेलो. लूरची पेटी घेऊन गेलो होतो, का ते मलाही सांगता येणार नाही. पोरगा ट्यूबवर हवा भरत होता. त्यानं पेटी उघडून बघितली. अमेरिकेची सुइक हातात घेतली, गळ मोजले, परत ठेवली. शिवणीची घेतली, पोटावरची शिशाची भोकं नखानं चाचपली, परत ठेवली. चीर गेलेली उलटीपालटी केली. मग तळातून पहिली काढली, लेथवरची, गोल, जिला मी पुन्हा कधी हात लावला नव्हता.

"ही देता का?"

"ती चालत नाही," मी म्हटलं. "पाण्यात नुसती वर येते."

"मग?" तो म्हणाला.

मी पकडीनं तिचे गळ काढून दिले. त्यानं पुढच्या कडीतून दोरा ओवला आणि जाळ्याच्या वरच्या दोरीला, दोन पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये, ती बांधली. जाळं सोडून तो परत येईपर्यंत मी काठावर बसून होतो. लाटेवर ती वर-खाली होत होती आणि लाल रंगाची असल्यामुळे लांबूनही दिसत होती.